भोईटे काकांचे पतंग

२०२०च्या जुलैमध्ये मेलबर्न दुसऱ्यांदा बंद झालं, तेव्हा क्रेगीबर्नमधल्या आमच्या भागातल्या आठ मराठी घरांसाठी मी किराण्याची एक सामाईक यादी सुरू केली. नियम सोपे होते. मंगळवारी संध्याकाळपर्यंत आपापल्या ओळीत लिहायचं. बुधवारी एकानेच जाऊन सगळं आणायचं, दारात ठेवायचं, बेल वाजवायची आणि मागे सरकायचं. दुसऱ्याच आठवड्यात चौदा नंबरच्या घराच्या ओळीत असं आलं: तूरडाळ, गूळ, बाळाचे वाइप्स, झाकणाचे पारदर्शक डबे दहा, मलमल एक मीटर, चित्रकलेचा ब्रश शून्य नंबरचा.

मी फोन लावला. तो तिथे राहणाऱ्या स्वप्नालीच्या वडिलांनी, भोईटे काकांनी, उचलला.

“काका, डाळ-गूळ ठीक आहे. पण ब्रश आणि मलमल किराण्यात येत नाही.”

“मग कशात येतं?”

“कशातच येत नाही. ती किराण्याची यादी आहे.”

“बरं. मग ‘इतर’ म्हणून एक रकाना काढ की ताई. रकाना नसला की माणूस अडतो.”

मी रकाना काढला. पुढे त्या रकान्यात सगळ्यांनीच लिहायला सुरुवात केली, आणि ही यादीतली सर्वांत उपयोगाची सुधारणा ठरली. ती माझी नव्हती, हे इथे नोंदवते.

दत्ताजी भोईटे, वय अडुसष्ट, गाव फलटणच्या बाजूचं. जानेवारीत ते आणि सुमन काकू स्वप्नालीच्या बाळंतपणासाठी आले. काकू मार्चच्या सुरुवातीला बहिणीच्या मुलीच्या लग्नाला म्हणून परत गेल्या. काका तीन आठवड्यांनी जाणार होते. त्या तीन आठवड्यांत विमानं बंद झाली. अशा अडकलेल्या आईवडिलांची आमच्याकडे एक वेगळी यादी होती आणि तीही माझ्याकडेच होती: नाव, व्हिसा कधी संपतो, औषधं कोणती, परतीच्या खास विमानासाठी नाव नोंदवलं का. त्यात अकरा जण होते. दहा जणांचे मला दिवसाआड फोन येत, “नंबर कुठपर्यंत आला?” म्हणून. भोईटे काकांनी एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, शांत स्वभावाचा माणूस आहे. तसं काही नव्हतं. त्यांना काम मिळालं होतं.

आमची वसाहत जिथे संपते तिथे बिल्डरचा मोठा बोर्ड आहे आणि बोर्डामागे जुनं मेंढ्यांचं रान. काळे दगड रचून केलेलं पडकं कुंपण, दोन-तीन जुनी निलगिरीची झाडं, आणि बाकी सगळीकडे गुडघ्याएवढं, राखाडी, लोकरीला हात लागावा तसं झुडूप. इथे त्याला हॉरहाउंड म्हणतात. युरोपातून आलेलं तण. इतकं कडू की मेंढ्या तोंड लावत नाहीत; उलट त्याच्या बोंडांना बारीक आकडे असतात, ते मेंढ्यांच्या लोकरीला चिकटून हे तण देशभर पसरलं. हे मी वाचलं. काकांनी मात्र आधी पान चावून पाहिलं होतं.

“कारल्याची थोरली बहीण,” ते म्हणाले आणि बाजूला थुंकले. मग आजूबाजूला पाहून मास्क पुन्हा नाकावर ओढला.

दिवसातून एकच तास व्यायामासाठी बाहेर पडायची मुभा होती; त्या तासात ते रोज तिथे जात. मी त्याच वाटेने चालायला जायची, म्हणून हे मला दिसायचं. जावयाच्या आवडत्या फुटबॉल टीमची लोकरी टोपी, स्वेटरवर जाकीट, पायात चपला आणि चपलांत मोजे. ते उकिडवे बसत आणि तसे अर्धा तास बसू शकत. मला तीन मिनिटं जमत नाही. फोनवर एका तासाचा गजर लावलेला असे. गजर वाजला की हातातलं काहीही टाकून ते उठत आणि घराकडे वळत. एकदा मी म्हटलं, “काका, अजून दोन मिनिटांनी काही होत नाही.” ते म्हणाले, “सरकारनं तास दिलाय. दोन मिनटं कुणाची घ्यायची?”

त्यांना पहिल्यांदा दिसली ती अळी नव्हे, खाल्लेला शेंडा. “शेंडा गेलाय, पण खालची पानं धड हायेत. म्हंजे मेंढी न्हाई, ससा न्हाई. हा कुणीतरी चवीनं खाणारा हाय.” शून्य नंबरच्या ब्रशने त्यांनी शेंड्याची कोवळी पानं एकेक करून बाजूला केली. आत अळी होती. केसाळ, राखाडी हिरवी, पानाच्या रंगाचीच. दाखवल्यावरसुद्धा मला दिसायला वेळ लागला.

स्वप्नालीने इंटरनेटवर शोधून दिलं. हा हॉरहाउंडचा पिसपंखी पतंग. मूळ दक्षिण युरोपातला. इथल्या शास्त्रज्ञांनी बऱ्याच वर्षांपूर्वी या तणावर सोडण्यासाठी मुद्दाम आणलेला. तो दुसरं काही खात नाही याची आधी भरपूर परीक्षा घेतलेली. वडील हे ऐकून खुर्चीतून उठलेच, असं स्वप्नाली सांगते.

“म्हंजे आमचाच धंदा!”

काकांची तेहतीस वर्षं तणांवर आणि किडींवर किडी सोडण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत गेली. पद क्षेत्र सहायक. काम गाजरगवत खाणारे भुंगे वाढवायचे, खोक्यांत भरायचे आणि गावोगाव नेऊन सोडायचे. भुंगे परदेशी, गवत परदेशी. “मध्ये आम्ही देशी,” ते म्हणत.

जावई अमेय आयटीत आहे आणि त्याच्या डोक्यात सदा व्हिसा असतो. तो म्हणाला, “बाबा, म्हणजे हा स्किल्ड व्हिसावर आला. एकच एम्प्लॉयर, एकच काम, दुसऱ्या झाडाला तोंड लावायचं नाही. आता पर्मनंट रेसिडेंट.”

“आणि मी व्हिजिटर,” काका म्हणाले. “मला काम करायची परवानगी न्हाई. म्हणून बघतोय नुसतं.”

नुसतं बघणं फार दिवस टिकलं नाही. दहा डबे स्वप्नालीच्या घरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत, लाँड्रीत, ओळीने मांडले गेले. तोंडाला मलमल, आत हॉरहाउंडचा शेंडा, शेंड्यात अळी. प्रत्येक डब्यावर नंबर. एका वहीत नोंदी. मी याद्या करते म्हणून मला ती वही दाखवण्यात त्यांना आनंद वाटे. खरं सांगायचं तर ती माझ्या याद्यांपेक्षा चांगली होती. अंदाज एकही नाही. “बहुतेक” हा शब्द कुठेच नाही. त्यांचा नियम एकच: “दिसलं तर लिही. न्हाई दिसलं तर शून्य लिही. मोकळं ठेवू नको. मोकळ्या जागेत लोक मनाचं भरतात.”

त्या पतंगाचं आयुष्य मला जे माहीत आहे ते त्या वहीतून. मादी पानाच्या मागच्या अंगाला अंडी घालते. अळी निघाली की शेंड्यात शिरते आणि थंडीभर तिथेच राहते, फार न वाढता. काका वहीत लिहीत, “मुक्काम.” ऊन वाढलं की तिचं खाणं वाढतं, ती कात टाकत मोठी होते, मग पानाला नाहीतर देठाला स्वतःला चिकटवून कोष करते. कोषावरही केस. त्यातून पतंग निघतो तो फिक्कट, सायीच्या रंगाचा. त्याचे पंख अखंड नसतात, पिसांसारखे चिरलेले असतात, आणि बसला की हुबेहूब इंग्रजी टी. दिवसा तो झुडपातच दडून असतो, उन्हं कलली की उडतो. जगतो दोनेक आठवडे. या सगळ्यासाठी त्याला एकच झुडूप लागतं. अंडं, घर, जेवण आणि लपायची जागा, सगळं तिथेच.

लाँड्रीत हीटरचा झोत येत होता, हे काकांच्या लक्षात उशिरा आलं. अळ्यांना वसंत आला असं वाटलं. ऑगस्ट संपायच्या आत डब्यांतून पतंग बाहेर पडले. आता त्यांना झुडपावर नेऊन सोडायला हवं होतं, आणि तेही उबदार दिवस बघून. काकांनी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकला:

“रविवारी दुपारी चारला जुन्या दगडी कुंपणापाशी पतंग सोडणार आहे. हवा चांगली आहे. बघायचे असेल त्यांनी अंतर ठेवून यावे.”

आता, शेतीखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला पतंग म्हटलं की एकच गोष्ट आठवते: बोंडअळीचा पतंग, खोडकिडीचा पतंग, सापळ्यात सापडलेले पतंग. आमच्या ग्रुपवरची मंडळी पुण्या-ठाण्याची. त्यांना दुसरीच आठवली. शिवाय सगळे सात आठवडे घरात कोंडलेले.

ठाण्याच्या निखिलने लगेच लिहिलं: “भारी काका!! मांजा आहे का?”

काकांना वाटलं, त्याच्या हातून एक अक्षर सुटलं. त्यांनी उत्तर दिलं: “मांजर आणू नये. खाईल.”

यावर चौदा जणांनी हसरे चेहरे टाकले. काकांचा विनोद सगळ्यांना आवडला. मीही हसले होते. मीही तेच समजले होते.

रविवारी चारला मी पोचले तेव्हा कुंपणाजवळ चार घरांतली माणसं चार कोपऱ्यांत उभी होती. निखिलच्या हातात शार्क माशाच्या आकाराचा प्लास्टिकचा पतंग आणि शेजारी त्याची आठ वर्षांची मीरा. दुसऱ्या एकाने घरच्या घरी वर्तमानपत्राचा केला होता. मध्यभागी काका, छातीशी डबे धरून, एवढी गर्दी पाहून खूश.

“सगळे आलात व्हय! बरं झालं. पण ही फडकी कशाला आणली?”

एवढ्यात रस्त्यावर पोलिसांची गाडी थांबली. कुणीतरी फोन केला असणार. तेव्हा बाहेर दोघांपेक्षा जास्त माणसं एकत्र जमायला बंदी होती. गाडीतून एक तरुण पोलीस बाई उतरली.

“इथे गॅदरिंग आहे असा कॉल आला.”

“नो नो, आम्ही एकत्र नाही,” निखिल इंग्रजीत म्हणाला. “वेगवेगळे आलोय.”

“आणि सगळ्यांनी वेगवेगळे काइट आणले?”

निखिलने शार्क पाठीमागे धरला. काका पुढे झाले, दीड मीटरवर थांबले आणि डबा तिच्यापुढे धरला. “मॅडम. पतंग.”

“काइट, असं ते म्हणतायत,” निखिलने भाषांतर केलं.

तिने वाकून डब्यात पाहिलं. “दॅट्स नॉट अ काइट, मेट.”

“नो, नो,” काका समाधानाने म्हणाले. “पतंग.”

मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. मीरा सर्वांत आधी बोलली. “डॅड, इट्स अ बग.”

काकांनी मलमल काढली. एक पतंग चालत त्यांच्या अंगठ्यावर आला, पंख पसरून टी झाला आणि तिथेच बसून राहिला. उडेना. बाकीचेही डब्याच्या काठावर नुसते बसले. पोलीस बाईसुद्धा वाट बघत थांबली.

“व्हाय इज इट नॉट फ्लाइंग?” मीराने विचारलं.

“थंडी वाजतीया त्याला. तू उठतीस का थंडीत शाळेला?”

“स्कूल इज ऑन झूम.”

“मग त्याचंपण झूमवरच चाललंय असं समज.”

पोलीस बाईने दंड केला नाही. पांगा, घरी जा, एवढंच म्हणाली आणि जाता जाता मागे वळून विचारलं, हे नक्की काय खातात? काकांनी हॉरहाउंडकडे बोट दाखवलं. “ओन्ली. नो वरीज.”

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर सूचना टाकली: “यापुढे काकांच्या मेसेजमध्ये पतंग म्हणजे मॉथ.” पण त्या गोंधळाचा एक फायदा झाला. एरवी जे लोक अळी बघायला शंभर पावलंही चालले नसते, त्यांनी ती बघितली होती. दोनच आठवड्यांत त्याची गरज पडली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बोर्डावर नवा कागद लागला. पुढच्या टप्प्याचं काम इथल्या वसंतात सुरू होणार, म्हणजे रान सपाट होणार. बिल्डरला त्यात काही वाईट वाटायचं कारण नव्हतं आणि मलाही नव्हतं. आम्ही राहतो ते घरही अशाच रानावर आहे. तण जाणारच होतं. काकांचं म्हणणं वेगळं होतं. तण इथलं जाईल, पण ओढ्याच्या काठी राखीव जागेत तेच तण माजलंय आणि तिथे एकही अळी नाही. ते स्वतः चार दिवस बघून आले होते. चारही दिवसांपुढे शून्य. तर इथल्या अळ्या तिथे न्यायच्या.

मी कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, फोन केला. तिथल्या बाईने सांगितलं की ती अळी राज्यात आधीच सोडलेली आहे, एका हॉरहाउंडवरून दुसऱ्यावर न्यायला हरकत नाही, उलट थँक्स. अंतर मी नकाशावर मोजलं. दीड किलोमीटर. घरापासून पाच किलोमीटरच्या आतच फिरायची परवानगी होती, त्यात बसत होतं.

पद्धत काकांची. अळी असलेले शेंडे वीतभर देठासकट कापायचे, आठ-दहा देठांची जुडी बांधायची, मेथीची असते तशी, आणि ती जुडी नव्या झुडपाच्या पोटात खोचून बांधायची. कापलेले देठ सुकू लागले की अळ्या आपण होऊन हिरव्या झाडावर चढतात. हात लावून उचलायचं नाही. “उचलली की तिला वाटतं खाल्लं कुणीतरी. तिला स्वतःहून जाऊ दे. घर आपलं आपण बदललं म्हंजे राग येत न्हाई.”

वाटप मी केलं. पाच घरं, प्रत्येकाला आठवड्यातला एक दिवस, प्रत्येक खेपेला दोन जुड्या, स्वतःच्या चालण्याच्या तासात. जुडी बांधलेल्या झुडपाला लाल फीत. निखिल आणि मीराला सर्वांत लांबचा पट्टा मिळाला, कारण ते सायकलने जात. तीन आठवड्यांत तीस झुडपांना फिती लागल्या. मी हुशारीने म्हटलं, “काका, झालं काम.”

“सोडलं म्हंजे झालं न्हाई ताई. टिकलं म्हंजे झालं.”

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या मध्यावर त्यांनी स्वतःच्याच तालुक्यात भुंगे सोडले होते. साहेबांच्या तारखेप्रमाणे, ऐन मे महिन्यात, गवत वाळलेलं असताना. पावसाळ्यानंतर पाहायला गेले तर एकही नव्हता. वहीत शून्य लिहिलं. साहेबांनी अहवालात लिहिलं, “भुंगे स्थिरावले.” वहीची पानं जुळेनात म्हणून काकांना बोलावलं.

“मी म्हटलं, साहेब, चला रानात. एक दाखवा, मी एक लिहितो. दोन दाखवा, दोन लिहितो.”

“मग?”

“मग दोन वर्षं मला रोपवाटिकेत पिशव्या भरायला दिलं.” ते हसले नाहीत. “त्याचं काय न्हाई. पण तेहतीस वर्षांत मी स्वतः सोडलेलं, मी स्वतः बघितलं, टिकलंय, असं एकदाबी झालं न्हाई. सोडायचो आम्ही, बघायला जायचा दुसरा. मग बदली.”

म्हणून त्यांना फिती लावलेल्या झुडपांत रस नव्हता. तिथल्या अळ्या आम्हीच नेलेल्या. त्यांतून पतंग निघणार, ते उडणार, बिनफितीच्या झुडपावर अंडी घालणार, आणि त्या अंड्यांतून निघालेली अळी दिसली तर ते टिकणं. हे नोव्हेंबर उजाडल्याशिवाय होणार नव्हतं.

आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातल्या विमानात त्यांना जागा मिळाली.

मला ईमेल आला तेव्हा मी ऑफिसच्या झूम कॉलवर होते. कॅमेरा बंद करून मी चौदा नंबरच्या दारात गेले. अशा बातम्या मी स्वतः जाऊन सांगत असे. अकरापैकी चौघांना सांगून झाल्या होत्या आणि चौघंही रडले होते. काकांनी मेसेज पूर्ण वाचला. मग चष्मा काढून पुसला.

“ताई, माझं नाव खाली घाल.”

“खाली म्हणजे?”

“पुढच्या विमानाला.”

“काका, पुढचं कधी आहे मला माहीत नाही. आहे की नाही हेही माहीत नाही. काकू सात महिने एकट्या आहेत.”

“माहीत हाय.”

“त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तुमच्यासाठी थांबलंय.”

“ते पण माहीत हाय. सहा आठवडे. जास्त न्हाई मागत.”

मागून स्वप्नाली बाळाला कडेवर घेऊन आली. तिने ऐकलं होतं. “बाबा, किड्यांसाठी? सिरियसली? आईला मी काय सांगू?”

“मीच सांगतो.”

त्यांनी तिथेच फोन लावला, आमच्यासमोर, आणि त्यांना फोन स्पीकरवर ठेवूनच बोलता येत असे. त्यांनी काही सजवलं नाही. जागा मिळाली होती, मी सोडली, अळ्या बघायच्यात, असं तीन वाक्यांत सांगितलं.

“अहो,” पलीकडून काकू म्हणाल्या, “तेहतीस वर्षं तुमच्या त्या खोक्यांनी माझं माजघर अडवलं. मी कधी काय बोलले?”

“न्हाई बोललीस.”

“आता बोलते. तिथंच ऱ्हावा. अळ्यांनाच सांगा भाकरी टाकायला.”

फोन बंद झाला. त्यानंतर काकू त्यांच्याशी बोलेनात. स्वप्नालीशी बोलत, नातीला हाका मारत, आणि काकांनी फोन हातात घेतला की “रेंज न्हाई” म्हणत. काका रोज सकाळी फोन करत राहिले. रोज रेंज नसे.

मी त्यांचं नाव खाली घातलं. जागा यादीतल्या पुढच्या माणसाला गेली. माझ्या मते काकांची ती चूक होती, मी ती त्यांना बोलून दाखवली होती आणि आजही माझं मत तेच आहे. त्यांनी वाद घातला नाही. फक्त म्हणाले, “तुझं बरोबर हाय. पण मला बघायचंय.”

ऑक्टोबरच्या शेवटी शहर उघडलं. तासाचं बंधन त्याआधीच गेलं होतं, तरी काका गजर लावूनच जात. आता ते ओढ्यावर दोनदा जात, सकाळी आणि उन्हं कलल्यावर. फितीच्या झुडपांतून पतंग निघाले, हे मी स्वतः पाहिलं; संध्याकाळच्या उजेडात तीन-चार फिक्कट ठिपके झुडपाभोवती घोटाळताना. ग्रुपवर फोटो गेले. मीराने टीचं चित्र काढून पाठवलं. पण बिनफितीच्या झुडपांवर काही दिसेना. काका एकेक शेंडा उघडत आणि वहीत शून्य लिहीत.

पुढची जागा नोव्हेंबरच्या शेवटची मिळाली. निघायच्या दिवशी सकाळी त्यांना ओढ्यावर मी नेलं, कारण स्वप्नालीचा राग अजून उतरला नव्हता. त्यांनी बिनफितीची बारा झुडपं पाहिली. मी मागे वही धरून उभी. एका शेंड्यापाशी ते फार वेळ थांबले. मला वाटलं, सापडली. पानावर नुसती पांढरी लव होती.

“काका,” मी म्हटलं, “असेलच कुठेतरी. एवढे पतंग उडाले.”

“असंल.”

“मग तसं लिहूया. ‘असण्याची शक्यता.’”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही. साहेबाकडे असंच पाहिलं असेल, असं मला वाटलं. “शून्य लिही,” ते म्हणाले. मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली, तारीख घातली आणि वही मला दिली. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बघायचं, हे काम माझ्याकडे आलं. विमानतळावर ते स्वतःची बॅग स्वतः ढकलत गेले.

डिसेंबर, शून्य. जानेवारीत हॉरहाउंड उन्हाने करपलं होतं, शून्य. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, शून्य. मी दर वेळी मेसेज करत असे आणि दर वेळी उत्तर येई, “नोंद केली.” त्यापुढे आणखी काही नाही. काकूंचं ऑपरेशन झालं, ते स्वप्नालीकडून कळलं. त्या बोलतात का, असं मी विचारलं. “कामापुरतं,” ती म्हणाली.

एप्रिलमध्ये पाऊस पडला, झुडपांना नवे शेंडे फुटले. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी गेले. शेवटच्या फितीपासून बरंच पुढे, ओढ्याच्या वळणावर, एका झुडपाचा शेंडा खाल्लेला होता. खालची पानं धड. काकांचा ब्रश काढला, पण पानं बाजूला करायच्या आधी थांबले आणि व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती, आणि आता सगळं बंद तिकडे होतं. पडद्यावर काकांचं कपाळ आणि चष्म्याचा वरचा काठ आला.

“मागं घे,” ते म्हणाले. “लांब. आता डावीकडं. थांब. पान वाकव. आता दुसरं. थांब, थांब. हालली.”

मला अजून दिसली नव्हती. मग दिसली. शेंड्याच्या गाभ्यात, पानाच्या रंगाची, तांदळाच्या दाण्याहून लहान.

“काका, एक लिहू?”

“दुसरी बघ. एक वाट चुकलेलीबी असती.”

पुढच्या झुडपावर दुसरी सापडली. त्याच्या पलीकडच्यावर दोन. मी “चार” असं म्हणून फोनकडे पाहिलं तर पडद्यावर कपाळ नव्हतं. नुसती निळी भिंत आणि खुंटीला टांगलेली पिशवी. लांबून आवाज येत होता.

“अगं, ये जरा.”

“तव्यावर भाकरी हाय.”

“तवा उतरव. ये.”

थोडा वेळ भिंतच दिसली. मग सुमन काकूंचा चेहरा आला, डोळ्यांवर काळा चष्मा. तो त्यांनी वर केला. माझ्याशी त्या आजवर व्हिसाच्या कागदांपलीकडे कधी बोलल्या नव्हत्या.

“कुठं हाय?”

“शेंड्यात बघ,” काकांचा आवाज बाजूने आला. “केस दिसत्यात का?”

“एवढीशी?”

“एवढीशीच असती.”

काकू बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, “ह्याच्यासाठी ऱ्हायले व्हय गं हे?”

“हो काकू.”

काकूंनी फोन स्वतःच्या हातात ओढून घेतला, त्यावर पीठ लागलं आणि अर्धा पडदा धूसर झाला.

“नीट धर पोरी, हालतोय तुझा हात,” त्या म्हणाल्या. “मोतीबिंदू काढलाय माझा, मला सगळं दिसतं. ही खालची कोण? पिल्लू हाय का?”

“कुठली?” काका घाईने म्हणाले. “मला बघू दे.”

“थांबा जरा. मी बघतीय न्हवं.”

त्या सरकल्या नाहीत. पडद्याच्या कडेला, पिठाच्या डागापलीकडे, काकांचा एक कान आणि चष्म्याची एक काडी एवढंच दिसत होतं. ते मान लांब करून त्यांच्या खांद्यावरून बघत होते.